डावा कल्ला

गेले चार महिने मी आमच्या गल्लीतला सगळ्यात शिस्तीचा दुचाकीस्वार होतो. हेल्मेट जिन्यातच डोक्यावर चढवायचं, काच खाली ओढायची आणि मगच पार्किंगमधून गाडी काढायची. परत येतानाही तेच. काच वर व्हायची ती थेट तिसऱ्या मजल्यावर, घराची बेल वाजवल्यावर. एवढंच काय, दोनशे पावलांवरच्या डेअरीतून दूध आणायलासुद्धा मी गाडी आणि हेल्मेट घेऊन जायचो. ज्या गावात हेल्मेटसक्तीविरुद्ध मोर्चे निघाले त्या गावात, तेही भर कोथरूडमध्ये, हे दृश्य तसं दुर्मीळच. खालच्या मजल्यावरच्या आजोबांनी एकदा जिन्यात थांबवून पाठ थोपटली. "आजकालच्या मुलांत ही शिस्त दिसत नाही हो!" मी आतून काहीतरी पुटपुटलो. हेल्मेटमधून आवाज नीट बाहेर येत नाही, हा त्याचा आणखी एक फायदा.

शिस्त वगैरे काही नाही हो. आमच्या गल्लीच्या तोंडाशी नानांचं सलून आहे, आणि मी चार महिने केस दुसरीकडे कापून घेत होतो. बस, एवढंच.

तुम्ही म्हणाल, त्यात काय एवढं? माणूस डॉक्टर बदलतो, बँक बदलतो, मोबाईलचा नंबर तोच ठेवून कंपनी बदलतो. मी स्वतः सहा वर्षांत तीन कंपन्या बदलल्या. शेवटचा राजीनामा तर रविवारी दुपारी लोळत लोळत मोबाईलवरून टाकला आणि मग कूस बदलून झोपलो. नव्वद दिवसांचा नोटीस पिरियड, केटी, 'लास्ट वर्किंग डे'ची ती ठरलेली मेल (सगळ्यांना संपर्कात राहायचं असतं, राहत कुणीच नाही), मग रिलीव्हिंग लेटर. सगळं कसं स्वच्छ. त्या मॅनेजरनं मला पाच वर्षांनी रस्त्यात पाहिलं तर तो हेल्मेट घालणार नाही आणि मीही नाही.

नानांच्या बाबतीत मात्र राजीनामा कुठे द्यायचा तेच कळेना.

नानांना अख्खी गल्ली नाना म्हणते. त्यांचं खरं नाव शॉप ॲक्टच्या लायसन्सवर आहे. ते फ्रेम करून आरशाच्या वर टांगलेलं आहे, आणि त्या आरशासमोर मी पंचवीसेक वर्षं बसतो आहे, तरी एकदाही वाचलेलं नाही. दुकानात तीन खुर्च्या. त्यातल्या एकीचा पंप कधीचाच गेलाय, तिच्यावर टॉवेल वाळत असतात. भिंतीवर संत सेना महाराजांची तसबीर; श्रावण वद्य द्वादशीला त्यांची पुण्यतिथी असते, त्या दिवशी दुकान बंद. शेजारी जिवा महाला. 'होता जिवा म्हणून वाचला शिवा' ही म्हण शाळेत शिकायच्या आधी मी नानांकडून ऐकली. प्रतापगडाचा तो 1659 चा प्रसंग ते हातात कंगवा घेऊन सांगायचे. सय्यद बंडाचा हात हवेत छाटला जायचा तेव्हा कंगवा माझ्या कानाजवळून सूं करून जायचा. त्याच्याखाली 'प्रत्येक ग्राहकास नवीन ब्लेड' अशी पाटी. तिच्यातला 'नवीन' आता पार पुसट झालाय.

लहानपणी खुर्चीच्या दोन हातांवर आडवी फळी टाकून मला तिच्यावर बसवायचे. फळी टाकायची बंद झाली तो दिवस मला मुंजीपेक्षा जास्त स्पष्ट आठवतो. 2008 च्या डिसेंबरात 'गजनी' आला तेव्हा मी सहावीत होतो. वर्गातल्या निम्म्या पोरांना आमीरसारखं डोकं करून घ्यायचं होतं, मलाही. नाना म्हणाले, "साहेबांची चिठ्ठी आण, मग करतो." साहेब म्हणजे माझे बाबा. मी चिठ्ठी आणली. अर्थातच स्वतः लिहून. नानांनी ती चष्मा लावून दोनदा वाचली आणि म्हणाले, "साहेब 'परवानगी'ला बाणातला ण कधीपासून लावायला लागले?" त्या दिवशी नेहमीची कटिंग झाली. चिठ्ठीबद्दल ते घरी कधीच बोलले नाहीत.

आणि मुख्य म्हणजे माझं डोकं नानांना पाठ आहे. मला दोन भोवरे आहेत आणि त्यातला मागचा उलटा फिरतो. (दोन भोवरे म्हणजे दोन बायका, असं आजी म्हणायची. इथे एकीचाच पत्ता नाही.) उजव्या कानामागे टाक्यांची खूण आहे, संभाजी बागेतल्या घसरगुंडीची कृपा. तिथे मशीन लागलं की पांढरी रेघ दिसते. आणि माझा डावा कान उजव्यापेक्षा किंचित खाली आहे. हे मला स्वतःला इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षापर्यंत ठाऊक नव्हतं, तेव्हा चष्मा लागला आणि तो सारखा तिरका बसायला लागला. नानांना मी तीन वर्षांचा असल्यापासून ठाऊक. माझे कल्ले ते कानावरून मोजत नाहीत, डोळ्याच्या कोपऱ्यावरून मोजतात. ही सगळी माहिती कुठेही लिहिलेली नाही. आमच्याकडे अशा माणसाला 'सिंगल पॉइंट ऑफ फेल्युअर' म्हणतात आणि त्याचं नाव निघालं की मॅनेजरला घाम फुटतो.

2020 च्या लॉकडाऊनमध्ये या प्रणालीची एकदा चाचणी झाली होती. मार्चमध्ये दुकानं बंद झाली. मी ट्रिमर मागवला आणि मे महिन्यात बाल्कनीत बाबांचे केस कापले. मी मेकॅनिकलचा इंजिनिअर. नोकरी सॉफ्टवेअरची असली तरी हत्यार हातात धरायचा आत्मविश्वास जात नाही. त्यानंतर बाबा आठवडाभर व्हिडिओ कॉलवर टोपी घालून बसले. दाढीसाठी त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा स्वतःचं रेझर आणलं. 28 जूनला महाराष्ट्रात सलून उघडायला परवानगी मिळाली, ती फक्त केस कापायला, दाढीला नाही. पहिल्याच दिवशी बाबा नानांसमोर हजर! प्लॅस्टिकचा ॲप्रन, मास्क, वर फेस शील्ड अशा अवतारातल्या नानांनी बाबांच्या डोक्याभोवती एक प्रदक्षिणा घातली.

"कुणी केलं हे?"

"पोरानं," बाबा म्हणाले.

"इंजिनिअर आहे म्हणून सोडतो."

त्या काळात नानांकडे दोन कारागीर होते. ते गावी गेले ते परत आलेच नाहीत. नानांच्या मुलानं आयटीआय केलं, तो चाकणला कंपनीत आहे, मुलगी शिक्षिका. दुकानात नाना एकटे. बाबांनी त्या जूनमध्ये वर्षभराच्या कटिंगचे पैसे आगाऊ दिले. हे मला बरंच नंतर कळलं, तेही दुकानातल्या कालनिर्णयमुळे. पाठीमागच्या कोऱ्या जागेत 'साहेब' लिहून खाली रेघा मारलेल्या होत्या आणि प्रत्येक कटिंगला एकेक रेघ खोडलेली.

आता मुद्द्यावर येतो.

नानांचा हात थरथरायला लागला. कधीपासून ते नेमकं सांगता येणार नाही. गेल्या दिवाळीच्या आधी मला पहिल्यांदा जाणवलं. हात मोकळा असला, मांडीवर असला की अगदी शांत. कात्री उचलून कानाजवळ आणली की टोक हलायचं. कात्रीचा एरवीचा कच-कच-कच असा एकसारखा आवाज असतो ना, तो मध्येच अडखळायला लागला. रात्री मी ढीगभर पानं वाचून काढली (हे आमच्या पिढीचं अध्यात्म). एक कंप असा असतो की काम करायला गेलं की वाढतो आणि हात टेकला की थांबतो. पार्किन्सन्सचा बहुतेक वेळा उलटा, हात स्वस्थ असताना जास्त दिसतो. पहिला प्रकार उतारवयात बऱ्याच जणांना होतो, अनेकदा घराण्यात असतो, त्याला औषधंही आहेत. एवढं वाचून मला हायसं वाटलं आणि मी झोपलो. नानांना मात्र काहीच विचारलं नाही. तेवीस वर्षांच्या बारक्या पोरीला कोड रिव्ह्यूमध्ये चाळीस कॉमेंट टाकणारा मी. पण "नाना, तुमचा हात हलतोय" हे वाक्य काही तोंडातून निघेना.

मग तो शनिवार आला. दुसऱ्या दिवशी कांदेपोह्यांचा कार्यक्रम होता. मुलीकडचे औंधात राहणारे, मुलगीही आयटीतलीच, पत्रिका वगैरे जुळलेली. आईनं शुक्रवारपासून माझ्या शर्टाला इस्त्री करायला घेतलेली. संध्याकाळी नानांकडे गेलो. सगळं नीट झालं. शेवटी कल्ले. उजवा झाला. डाव्याला वस्तरा टेकवला आणि नानांचा हात सटकला.

लागलं नाही. कापलंही नाही. फक्त डावा कल्ला जिथे संपायला हवा होता त्याच्या दीड बोट वर संपला.

नाना थांबले. आरशात आमची नजरानजर झाली आणि दोघांनीही ती लगेच काढून घेतली. मग त्यांनी उजवाही वर घेतला, दोन्ही सारखे दिसावेत म्हणून. पुन्हा हात हलला. आता उजवा जास्त वर गेला. तुम्ही कधी डुगडुगणाऱ्या टेबलाचे पाय कापून समान करायचा प्रयत्न केलाय? तसं झालं. शेवटी मीच म्हटलं, "छान झालंय नाना." पैसे दिले. नानांनी नेहमीसारखी मानेला पावडर लावली, पण "उद्या काही विशेष?" हा नेहमीचा प्रश्न विचारला नाही.

घरी आलो तर आईनं दार उघडलं आणि तोंडावर हातच ठेवला.

त्या रात्री पावणेनऊला मी मेट्रो स्टेशनजवळच्या एका एसी, युनिसेक्स सलूनमध्ये शिरलो. आत कॉफी विचारतात. टॅबवर तुमचं 'हेअर प्रोफाईल' भरून घेतात. आधी मान मागे टाकून बेसिनमध्ये डोकं धुतात, तेव्हा आपण नक्की केस कापायला आलोय की दाढ काढायला असा प्रश्न पडतो. कापणारा पंचविशीतला मुलगा, उत्तर प्रदेशातल्या बिजनौरचा. त्यानं माझी हनुवटी दोन बोटांनी धरून डोकं डावीकडे वळवलं, उजवीकडे वळवलं आणि अगदी हळू आवाजात, दवाखान्यात विचारतात तसं विचारलं, "सर, ये किसने किया?"

आणि मी म्हणालो, "घर पे... मैंने खुद ट्राय किया था।"

हे मी नानांची अब्रू वाचवायला म्हणालो की असल्या गल्लीतल्या दुकानात जाणारा माणूस म्हणून माझी जाऊ नये म्हणून, याचा मी बऱ्याचदा विचार केला आहे. उत्तर दर वेळी वेगळं येतं. असो. त्यानं बाजू पार खालपर्यंत उतरवून कल्ल्यांचा प्रश्नच मिटवून टाकला. याला फेड म्हणतात. पाचशे रुपये, अधिक जीएसटी. (पोहे चांगले होते. पुढे काही जमलं नाही, पण त्याचं कारण कल्ले नव्हते असं मला खात्रीपूर्वक सांगण्यात आलं आहे.)

केस महिन्याला साधारण एक-सव्वा सेंटिमीटर वाढतात. म्हणजे बघा, नोकरी सोडली की एकदाच सोडतो. इथे दर महिन्याला नव्यानं सोडावं लागतं. पहिल्या महिन्यात स्वतःला सांगितलं की फेड नीट 'मेंटेन' करायला तिकडेच जायला हवं. दुसऱ्या महिन्यात काहीच सांगावं लागलं नाही, ते जास्त वाईट. मुलगा खरंच छान कापतो. पण डोक्यात नेहमी गल्लीच्या तोंडाशी बसलेले नाना. त्यांची खुर्ची दाराकडे तोंड करून असते. गिऱ्हाईक नसलं की ते पेपर वाचत बसतात आणि दर माणसामागे पान खाली करून बघतात. एवढ्या वर्षांच्या सवयीनं त्यांची नजर आधी डोक्याकडे जाते, मग तोंडाकडे. म्हणून हेल्मेट.

एकदा मात्र गाठ पडलीच. भाजीवाल्याकडे. मी मेथीची जुडी निवडत होतो, मागून आवाज, "काय रे, दिसत नाहीस?" डोक्यावर काही नाही, केस दोन दिवसांपूर्वीच कापलेले.

"बंगलोरला होतो नाना. प्रोजेक्ट."

"बरं बरं." त्यांची नजर माझ्या कानाच्या वर जाऊन परत आली. "थंड असतं म्हणे तिकडं."

मी घरी येऊन सांगितलं नाही. पण आठवड्याभरानं जेवताना बाबा आमटी वाढून घेत म्हणाले, "नाना विचारत होते, बंगलोरहून कधी आला. मी म्हटलं, येऊन-जाऊन असतो." आणि भात कालवायला लागले. विषय संपला. आईनं आधी माझ्याकडे पाहिलं, मग बाबांकडे, आणि ताटात पापड टाकला.

बाबा बँकेतून निवृत्त झाले. बुधवारी आणि शनिवारी सकाळी नानांकडे दाढी, हा त्यांचा कार्यक्रम माझ्या जन्माच्या आधीपासूनचा. लॉकडाऊन सोडला तर खंड नाही. अलीकडे परत आले की गालावर कुठेतरी कापसाचा कण चिकटलेला असायचा. मी एकदा म्हटलंही, "बाबा, रेझर आहे ना घरी, कशाला जाता?" ते म्हणाले, "पेपर वाचायला मिळतो." आमच्याकडे दोन पेपर येतात.

एका शनिवारी मी उशिरा उठलो, तोंड धुवायला बेसिनकडे गेलो, तर बाबा तिथे उभे. नुकतेच नानांकडून आलेले, गाल गुळगुळीत, उजव्या गालावर तुरटीचा पांढरा डाग. आणि मान वर करून, गळ्याला फेस लावून, लॉकडाऊनमधल्या त्या रेझरनं ते हनुवटीखालची दाढी करत होते.

"हे काय? नाना विसरले?"

"नाही. त्यांना सांगितलंय, गळ्याला आग होते, तेवढं राहू द्या." रेझर नळाखाली धुतलं. "गाल ते करतात. गाल चालतात."

मी तिथेच उभा राहिलो, हातात ब्रश. बाबा रिटायर्ड माणूस, जिग आणि फिक्श्चर त्यांनी कधी पाहिलेलं नाही. कामगाराच्या हाताच्या अचूकतेवर काम अवलंबून राहू नये म्हणून साधनच असं बनवायचं की हात हलला तरी काम बिघडणार नाही, यावर मी पाच मार्कांची टीप लिहून आलेलो आहे. आणि मला सुचलं काय, तर हेल्मेट!

मंगळवारी संध्याकाळी गेलो (सोमवारी दुकान बंद). पायी, उघड्या डोक्यानं. दुकानात कुणी नव्हतं. नानांनी पेपर खाली केला, डोक्याकडे पाहिलं, मग तोंडाकडे, आणि म्हणाले, "ये."

मी सगळी तयारी करून गेलो होतो. बंगलोर, क्लायंट, रिलीज. आणि मुख्य मागणी. "नाना, या वेळी मशीनच मारा. चार नंबर." मशीनला पुढे जो प्लॅस्टिकचा कंगवा लावतात त्याचे नंबर असतात. चार म्हणजे साधारण बारा-तेरा मिलिमीटर. कंगवा डोक्याला टेकला की केस तेवढेच राहणार, हात हलो की न हलो. मला माझ्या हुशारीचं कौतुकच वाटत होतं.

नाना काही बोलले नाहीत. चादर झटकली, गळ्याभोवती गुंडाळली. गाठ दुसऱ्या प्रयत्नात बसली. मग डोक्यावरून हात फिरवला, मानेवरून वर, कानामागे, पुन्हा मागे. डॉक्टर पोट दाबून बघतात तसा.

"हात चांगला आहे पोराचा."

"कुठल्या पोराचा?"

"ज्यानं कापलेत त्याच्या. ही मागची उतरण बघ कशी घेतलीय. घाई केलेली नाही. कुठला आहे?"

बंगलोरचा म्हणायची ही शेवटची संधी होती. "बिजनौरचा," मी म्हटलं. "मेट्रो स्टेशनजवळ बसतो."

"हं. पण कल्ले कानावरून मोजतो." त्यांनी ड्रॉवर उघडला. "आणि चार नंबर नको. तुझे भोवरे काट्यासारखे उभे राहतील. सहा लावतो, वजनानं बसतील जरा."

मशीन सुरू झालं. मी आरशात बघत होतो आणि बघत नाही असं दाखवत होतो. हात हलत होता. मशीन हलत नव्हतं, ते डोक्याला टेकलेलं. केस मात्र एकसारखे पडत होते.

"बघतोस काय चोरून?" नाना म्हणाले. "दिवसभर आरशापुढं उभा असतो मी. तुम्हाला महिन्यातून एकदा दिसतं ते मला रोज दिसतं."

"डॉक्टरांना दाखवलंत?"

"दाखवलं. गोळी चालू आहे. बराच फरक आहे." मशीन कानामागे आलं तसं त्यांनी ते उचललं, टाक्यांच्या खुणेवरून उडी मारून पुढे टेकवलं. "वस्तरा बंद केलाय मी. तुझ्या त्या शनिवारपासून. कुणी दाढीला आलं तर सांगतो, कारागीर नाही, पुढं जा."

"पण बाबा तर..."

"साहेब ऐकत नाहीत ना! येऊन बसतात खुर्चीत. मी म्हटलं, आता राहू दे. तर म्हणाले, मग मी कुठं जाऊ?" नाना हसले. "आणि आता म्हणतात, गळ्याला आग होते. पस्तीस वर्षं तोच गळा, तोच साबण. कधी आग झाली नाही ती. मी म्हणतो, बरं साहेब, गळा राहू दे. सांगू नकोस त्यांना."

मी मान हलवली. नानांनी ती दोन बोटांनी धरून परत सरळ केली.

मशीन बंद झालं. कल्ल्यांशी आले आणि थांबले. ब्रशनं केस झटकले, चादर सोडली. "कल्ले मी नाही करत. ते त्या पोराकडं करून घे. त्याला सांग, कानावर जाऊ नको, डोळ्याच्या कोपऱ्यावरून मोज. मागचा भोवरा उलटा आहे, तिथं कात्री खालून वर घ्यायची. टाक्यावर बारीक मशीन लावायचं नाही." मी मोबाईल काढला आणि टाईप करायला लागलो. ते थांबले. मी मान वर केली तर म्हणाले, "झालं लिहून? आणि डोकं फार धुवत असतील तर नको म्हणावं रोज शाम्पू. तुझ्या आजोबांना चाळिशीत टक्कल पडलं होतं. लिही."

लिहिलं.

एकशेवीसची नोट-चिल्लर पुढे केली. नानांनी साठ घेतले. "अर्धंच काम केलंय."

घरी बाबा बातम्या बघत होते. माझ्याकडे पाहिलं, वाढलेल्या कल्ल्यांवर जरा थांबले.

"नाना?"

"हो."

"बरं केलंस," म्हणाले आणि आवाज वाढवला.

परवाच्या शनिवारी मी मुद्दाम लवकर उठलो होतो. बाबा नानांकडून आले, चप्पल काढली, पिशवी खुंटीला लावली आणि बेसिनसमोर जाऊन गळ्याला फेस लावायला लागले. मी दात घासायला शेजारी उभा राहिलो.

"आग कमी नाही का झाली अजून?"

"नाही ना," बाबा आरशातूनच म्हणाले आणि त्यांनी मान वर केली.